सणाच्या आधीचे आठ दिवस : वृद्धाश्रमातील ऋतुमानानुसार उपक्रमांविषयी प्रश्नोत्तरे

मुंबईतील वृद्धाश्रमांमध्ये व्यवसायोपचार तज्ज्ञ म्हणून काम करताना व्यवस्थापक, नातेवाईक आणि स्वयंसेवक यांच्याकडून जे प्रश्न वारंवार येतात, त्यांपैकी काहींची उत्तरे येथे देत आहे. पहिल्या उत्तरातील मुद्दा पुढे सर्वत्र येणार असल्यामुळे ते थोडे विस्ताराने लिहिले आहे.

आमच्या आश्रमात २८ निवासी आहेत आणि दिवसपाळीत तीन मावशी असतात. विश्वस्तांना वर्षभराच्या उपक्रमांचे वेळापत्रक हवे आहे. सुरुवात कोठून करावी? (व्यवस्थापिका, गोरेगाव)

दिनदर्शिका समोर घेऊन सणांवर खुणा करत बसण्याची आपल्याला घाई होईल, पण ते काम दुसऱ्या टप्प्यावर ठेवावे. आधी प्रत्येक निवाशासाठी एक पान करावे आणि त्यावर चारच गोष्टी लिहाव्यात : बालपण कोठे गेले, आयुष्यभर काम कोणते केले, त्यांच्या घरी कोणत्या महिन्यात काय होत असे, आणि आज त्यांचे हात काय करू शकतात. अलिबागकडच्या आजींना चैत्र-वैशाख म्हटले की गच्चीवरचे पापड, कुरडया आणि सांडगे आठवतील. वसईच्या ईस्ट इंडियन आजींना त्याच उन्हात वाळणाऱ्या मिरच्या आणि वर्षभरासाठी कुटून ठेवायचा बाटली मसाला आठवेल. गिरणगावातल्या आजोबांना चाळीच्या भजनी मंडळातला आपला पखवाज आठवेल. ही पाने एकत्र ठेवली की वेळापत्रकाचा अर्धा भाग आपोआप तयार होतो, आणि तो शेजारच्या आश्रमाच्या वेळापत्रकासारखा नसतो.

त्यानंतर महिन्याला एकच मोठा प्रसंग ठरवावा आणि त्याच्या आधीचे आठ दिवस त्याच्या तयारीसाठी राखून ठेवावेत. माझ्या मते ही तयारी हाच खरा उपक्रम असतो. गुढीपाडव्याच्या दिवशी गुढी उभारायला दहा मिनिटे लागतात आणि ती बहुधा कोणीतरी तरुण माणूसच उभारतो, पण त्याआधी तांब्या घासणे, वस्त्राची घडी नीट करणे, कडुनिंबाची पाने खुडणे, दारासाठी आंब्याच्या पानांचे तोरण ओवणे आणि पाडव्याच्या पंगतीचा बेत ठरवून वाणसामानाची यादी सांगणे, ही सगळी कामे निवाशांमध्ये वाटता येतात. ज्यांचे हात थरथरतात त्यांनी पाने खुडावीत, ज्यांना दिसत नाही त्यांनी तांब्या घासावा, आणि ज्यांना काहीच करायचे नाही त्यांनी इतरांच्या चुका काढाव्यात. हे शेवटचे कामही मी गंभीरपणे सुचवतो आहे.

तीन मावशींच्या बळावर २८ जणांना एकदम हॉलमध्ये बसवू नये. सहा ते आठ जणांचा गट, सकाळी न्याहारी आणि आंघोळी आटोपल्यावर पाऊण तास, आणि दुसऱ्या दिवशी दुसरा गट, एवढे पुरते. विश्वस्तांना छायाचित्रे लागतात हे मला ठाऊक आहे. ती तयारीचीही काढता येतात.

पावसाळ्याचे चार महिने सगळे आतच अडकून पडतात. दूरदर्शन संच दिवसभर चालू असतो. दुसरे काय करावे? (परिचारिका, विलेपार्ले)

मुंबईत मोसमी पाऊस साधारणपणे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला परततो. या काळात फरशा ओलसर राहतात, म्हणून आधी पायपुसणी पाहावीत : घसरणारे पायपुसणे काढून टाकावे, वॉकरच्या पायांची रबरी टोपणे झिजली असल्यास बदलावीत आणि सपाता घालून कोणीही उपक्रमाला येणार नाही असे पाहावे. गच्चीवरच्या कुंड्यांखालच्या ताटल्यांत पाणी साचू देऊ नये, कारण डेंग्यूचे डास तेथेच वाढतात.

आता कामाकडे वळू. माझा सर्वांत आवडता पावसाळी उपक्रम म्हणजे कडवे वाल. पहिल्या दिवशी ते भिजत घालावेत, दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधून मोड आणावेत आणि तिसऱ्या दिवशी कोमट पाण्यात टाकून सोलायला बसावे. चिमटीत धरून दाबल्यावर डाळिंबी सालातून सुटते; बोटांच्या बारीक हालचालींसाठी मी लिहून दिलेला कोणताही व्यायाम इतक्या आनंदाने केला जात नाही, आणि दुपारी तीच उसळ पानात येते. त्याचप्रमाणे आषाढातल्या दिव्यांच्या अवसेसाठी पितळी समया आणि निरांजने चिंचेने घासणे, श्रावणासाठी कापसाच्या वाती वळणे, बाजारात येणारा टाकळा किंवा अळू निवडणे, ही सगळी बसून करायची आणि हवी तेव्हा थांबवता येणारी कामे आहेत. मंगळागौरीचा झिम्मा खुर्चीत बसूनही खेळता येतो. फुगडीचा आग्रह मात्र कोणी कितीही उत्साही असले तरी करू नये.

स्वयंपाकघराशी संबंध नको असणाऱ्या आजोबांसाठी गच्चीत एक पर्जन्यमापक ठेवावा. रोज सकाळी ठरावीक वेळी मावशींनी तो खाली आणावा, आजोबांनी आकडा वाचून फळ्यावर लिहावा आणि वर्तमानपत्रातल्या कुलाबा व सांताक्रूझच्या आकड्यांशी ताडून पाहावा. एका आश्रमात बँकेतून निवृत्त झालेल्या गृहस्थांनी याची वही ठेवली होती आणि त्यांचा आकडा वेधशाळेशी जुळला नाही तर चूक वेधशाळेचीच, असे त्यांचे ठाम मत होते.

आणखी एक सूचना. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही लोकल गाड्या बंद असल्यामुळे अनेक कर्मचारी कामावर पोहोचू शकले नाहीत. तेवढा पाऊस रोज पडत नाही, पण गाड्या दरवर्षी काही दिवस बंद पडतातच. म्हणून पावसाळ्यातले उपक्रम एकाच मावशीला सांभाळता येतील असे असावेत आणि त्यांचे साहित्य एका डब्यात तयार असावे.

आषाढी एकादशीला बरेचजण उपवास करतात. अडवावे का? (त्याच)

अडवू नये, पण आठवडाभर आधी यादी करून ती डॉक्टरांना दाखवावी. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेऊन उपाशी राहिल्यास साखर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते, आणि दुसऱ्या बाजूने साबुदाणा व बटाटा पोटभर खाल्ल्यास ती वाढते. गोळीची मात्रा आपल्या मनाने बदलू नये. ज्यांना उपवास शक्य नाही, त्यांना त्या दिवशीच्या भजनात टाळ किंवा पोथी द्यावी. बहुतेकांना तेवढ्याने चालते.

माझ्या आईला स्मृतिभ्रंश आहे. गणपतीत तिला दीड दिवस घरी आणावे असे भावाचे म्हणणे आहे. मागच्या वर्षी ती रात्री फार घाबरली होती आणि “मला घरी जायचे आहे” असे म्हणत राहिली. काय करावे? (वाचक, गिरगाव)

ज्या घरात तिने चाळीस-पन्नास गणपती पाहिले, तेथेच ती घरी जायचे म्हणते, हे ऐकणे किती जड जात असेल याची मला कल्पना आहे. या आजारात अनेकांची अस्वस्थता दिवस मावळताना वाढते, आणि गणेशोत्सवात नेमका त्याच वेळी गोंगाट, पाहुणे आणि रोषणाई वाढत असते. शिवाय आश्रमातली खाट, तेथला संडासाचा रस्ता आणि तेथल्या मावशींचा आवाज यांची तिला झालेली सवय एका रात्रीत मोडते.

माझा सल्ला असा की मुक्काम टाळावा आणि सकाळची भेट ठेवावी. प्रतिष्ठापनेच्या दिवशी सकाळी, घरात चार-पाच माणसेच असताना तिला आणावे, देवासमोर पण पंख्याखाली बसवावे आणि हातात दूर्वांची जुडी करायला द्यावी. आरती म्हणताना तिच्याकडे पाहावे. नातवंडांची नावे विसरलेली माणसे आरतीचा पुढचा शब्द अचूक उचलताना मी अनेकदा पाहिली आहेत. ओळखीचे सूर आणि लहानपणी पाठ झालेले शब्द स्मृतिभ्रंशात बराच काळ टिकून राहतात. “मी कोण, सांग पाहू?” अशी परीक्षा पाहुण्यांपैकी कोणीही घेणार नाही, याची जबाबदारी भावावर सोपवावी. मोदक मऊ असला तरी सारणातले खोबरे घशात अडकू शकते, तेव्हा लहान घास द्यावेत. जेवण झाल्यावर, दुपार कलण्याआधी, तिला परत पोहोचवावे.

तिने पुन्हा “घरी जायचे आहे” म्हटले तर “हेच तुझे घर” असे पटवून देऊ नये. तिच्या मनातले घर बहुधा लहानपणीचे असते. त्या घरी गणपती कोठे बसायचा, मोदक कोण करायचे, असे विचारावे.

आश्रमाच्या खिडकीशी मंडळाचा ध्वनिवर्धक असेल तर व्यवस्थापकांनी उत्सवाआधीच कार्यकर्त्यांना भेटून कर्ण्याची दिशा बदलून घ्यावी. रात्री दहानंतर ध्वनिवर्धकावर बंदी असते; वर्षातील मोजक्या दिवशी शासन ती बारापर्यंत शिथिल करते. कार्यकर्त्यांना आत बोलावून निवाशांच्या हातचा प्रसाद दिला, तर पुढचे काम सोपे होते असा माझा अनुभव आहे.

खाटेवरून उठू न शकणाऱ्यांसाठी काय? (मुलुंड)

ऋतू खाटेपाशी न्यावा. आंबा, सोनचाफा, सुरंगीचा गजरा, ओल्या हळदीचे पान यांचा वास एवढाही उपक्रम पुरेसा असतो. फक्त ती वस्तू नाकापाशी धरून लगेच पुढच्या खाटेकडे न पळता पाच मिनिटे तेथे बसावे.

संक्रांतीला आम्ही महिला निवाशांचे हळदीकुंकू करतो. यंदा काही आजी खोलीतून बाहेर आल्या नाहीत. आमचे काही चुकले का? (विश्वस्त, ठाणे)

होय, चुकले असे मला वाटते. वृद्धाश्रमात विधवा स्त्रियांची संख्या मोठी असते, आणि ज्या समारंभात निम्म्या खोल्यांची दारे बंद राहतात तो त्या घराचा समारंभ होऊ शकत नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. एका गावाला जे जमले ते एका इमारतीला अवघड नसावे.

मात्र “सगळ्यांना कुंकू लावा” असा हुकूम काढणे हाही उपाय नव्हे. चाळीस वर्षे कपाळ मोकळे ठेवलेल्या आजींना चारचौघांत कुंकू लावल्याने संकोच वाटू शकतो, राग येऊ शकतो. त्यांना आधी एकांतात विचारावे आणि नकार आल्यास कारण विचारू नये. कार्यक्रमाचे नाव तिळगूळ समारंभ ठेवावे, त्यात आजोबांनाही घ्यावे, वाण सर्वांना सारखे द्यावे आणि ते वापरता येण्यासारखे असावे : वाचायला भिंग, न घसरणारे मोजे, मोठ्या अक्षरांची दिनदर्शिका. कवळी असणाऱ्यांसाठी चिक्की न करता तिळाच्या कुटाची मऊ वडी करावी.

आम्हा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दिवाळीत वृद्धाश्रमात नृत्याचा कार्यक्रम करायचा आहे. कोणती गाणी निवडावीत? (परळ)

गाण्यांपेक्षा तारीख बदलावी अशी माझी विनंती आहे. दिवाळीत पाहुण्यांची रांग लागते आणि कार्तिक संपला की महिनोन्महिने कोणी फिरकत नाही. दिवाळीच्या आठवडाभर आधी येऊन निवाशांच्या देखरेखीखाली कंदील करावेत, करंज्या भरायला बसावे आणि त्या चुकीच्या भरल्या म्हणून बोलणी खावीत. मग फेब्रुवारीत पुन्हा यावे. फटाके आणू नयेत, कारण दम्याच्या रुग्णांना त्या धुराचा अनेक दिवस त्रास होतो. ज्या खोलीत प्राणवायूचे यंत्र किंवा सिलिंडर आहे, तेथे पणती लावू नये. विजेवर चालणारा दिवा चालतो.

डिसेंबर-जानेवारीत सहल न्यावी असे ठरते आहे. फ्लेमिंगो दाखवावेत का? (व्यवस्थापिका, चेंबूर)

कल्पना चांगली आहे. हिवाळ्यात ठाणे खाडीत फ्लेमिंगो येतात आणि उन्हाळ्यापर्यंत राहतात. ओहोटीच्या वेळी चिखल उघडा पडतो तेव्हा ते तेथे चरतात, म्हणून भरती-ओहोटीची वेळ पाहून दिवस ठरवावा. त्या दिवसांत मुंबईची हवा पहाटे अनेकदा धुरकट असते, तेव्हा साडेनऊ-दहाच्या आत निघू नये.

जागा ठरवण्याआधी आपण स्वतः तेथे जाऊन यावे आणि पक्ष्यांच्या आधी शौचालय पाहावे : दारातून व्हीलचेअर आत जाते का, पाश्चात्त्य पद्धतीचे आसन आहे का, पायऱ्या किती आहेत. एका सहलीत मी हे पाहायला विसरलो होतो आणि दोन आजींनी संकोचापायी सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता, हे मला परतीच्या वाटेवर कळले. लघवी वाढवणारी गोळी त्या दिवशी केव्हा द्यायची हे डॉक्टरांना आदल्या दिवशी विचारावे. आठ निवाशांमागे किमान चार माणसे बरोबर असावीत, आणि ज्यांना यायचे नाही त्यांच्यासाठी आश्रमात एक मावशी, दुर्बीण आणि खिडकीतले कावळे ठेवून निघावे.