पुरात बुडालेली सायकल आणि आणखी दोन पत्रं

प्रश्न : काका, नमस्कार. मी नागपूरच्या अंबाझरी लेआउटमध्ये राहते, शाळेत शिकवते. २००९ मध्ये मुलासाठी २१ गिअरची, २६ इंची चाकांची लोखंडी सायकल घेतली होती. तो आता नोकरीनिमित्त पुण्यात असतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, तेव्हा आमच्या पार्किंगमध्ये कमरेएवढं पाणी होतं आणि सायकल कितीतरी तास त्यात बुडून होती. नंतर धुऊन-पुसून ठेवून दिली. यंदा शाळेत सायकलनेच जायचं ठरवलंय, एका बाजूने साडेसहा किलोमीटर. चेन गंजली होती म्हणून नवी टाकली, तर आता चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये जोर दिला की कट्कन उडते. पहिल्या-दुसऱ्यात उडत नाही. पायडल मारताना खालून करकर आवाज येतो. एका दुकानदाराने ९ गिअरचा सेट, डिस्क ब्रेक आणि नवी चाकं मिळून १८,००० सांगितले. दुसरा म्हणतो, भंगारात द्या आणि २२,००० ची नवी घ्या. सायकल माझ्या उंचीला बरोबर बसते, आणि मुलाची आहे, टाकायला मन होत नाही. काय करू?

उत्तर : ताई, पुढचा रविवार येईपर्यंत १८ हजारही देऊ नका आणि २२ हजारही. निम्मं निदान तुमच्या पत्रातच आहे. उरलेलं सायकल उलटी केल्यावर कळेल.

आधी चेन. ती कुठल्या गिअरमध्ये उडते आणि कुठल्यात नाही, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. मुलगा सपाट रस्त्यावर बहुतेक वेळ चौथ्या-पाचव्यावरच चालवत असणार. चेन वापरात येते तशी तिच्या पिना झिजतात आणि ती हळूहळू लांबते. तिच्यासोबत फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या चकत्यांच्या जुडग्याचे, दातेही झिजतात. दोघं बरोबरीने म्हातारे होतात, म्हणून निभून जातं. तुम्ही नवी चेन टाकली, तिच्या पिना पुन्हा बरोबर अर्ध्या-अर्ध्या इंचावर आल्या, आणि त्या जुन्या दातांवर बसेनात. पहिल्या-दुसऱ्याच्या चकत्या फारशा वापरल्याच गेल्या नव्हत्या, म्हणून तिथे चेन धरून राहते. म्हणजे तुमच्या गिअरांत खोट नाही, फ्रीव्हील संपलंय. सात चकत्यांचं साधं फ्रीव्हील हजाराच्या आत येतं.

जुनी चेन फेकली नसेल तर स्टीलची फूटपट्टी घ्या. चेन ताणून धरा आणि एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवा. नव्या चेनमध्ये १२ इंचाच्या खुणेवर नेमका आणखी एका पिनेचा मध्य येतो. तो १/१६ इंच पुढे सरकला असेल तर चेन बदलायची वेळ झाली. १/८ इंच सरकला असेल तर फ्रीव्हीलही सोबत गेलं असं धरायचं. तुमची जुनी चेन त्याहून पुढे निघेल असं मला वाटतं. नवी चेन टाकणाऱ्याने आधी हे एवढं मोजायला हवं होतं, मोजायला अर्धं मिनिटही लागत नाही.

आता फ्रेम, कारण सगळा निर्णय तिच्यावर आहे. पुराचं पाणी सीटच्या पाइपाजवळून, बाटलीच्या स्क्रूच्या भोकांतून, मागच्या नळ्यांना असतात त्या बारीक छिद्रांतून आत शिरतं आणि सगळ्यात खाली, म्हणजे दोन्ही पायडलांच्या मधल्या बीबीत, जाऊन बसतं. बाहेरून तुम्ही कितीही पुसा, तिथलं पाणी तिथेच. रविवारी सकाळी अंगणात जुना पेपर अंथरा. सीटच्या उंचीवर चिकटपट्टीची खूण करा, क्लॅम्प सैल करून सीट पाइपासकट उपसा, सायकल उलटी धरा आणि तळहाताने नळीवर थापा मारा. पेपरवर काय पडतं ते नीट बघा. चिमूटभर कोरडी तांबडी भुकटी पडली तर काळजी नको, २००९ च्या लोखंडात तेवढी निघणारच. पण नखाएवढे पापुद्रे पडले, किंवा ओला चॉकलेटी चिखल निघाला, तर नळी आतून खाल्ली गेल्याची शंका धरायची. मग रुपयाच्या नाण्याने बीबीजवळच्या नळ्यांवर टकटक करत जा. वर जसा खणखणीत आवाज येतो तसाच खाली यायला हवा. एखाद्या जागी बद्द वाजलं, किंवा जोडाजवळच्या रंगात केसासारखी रेघ दिसली, तर तिथे थांबा. त्या सायकलीवर मग एक रुपयाही घालू नका.

सीटचा पाइप हलतच नसेल तर जोर लावू नका, मिस्त्रीकडे न्या. गंजाने चिकटलेला पाइप घाईत पिळला की फ्रेम जाते.

फ्रेम पास झाली तर करकर ही मोठी गोष्ट नाही. माझ्या वडिलांचं महाल भागात तासाच्या भाड्याने सायकली देण्याचं दुकान होतं आणि पावसाळा सरला की सगळ्या सायकली ओव्हरऑईल व्हायच्या, म्हणजे सगळं उघडून, धुऊन, ग्रीस भरून पुन्हा जोडायचं. शाळेतून आलं की माझं काम छर्रे, म्हणजे बेअरिंगच्या गोळ्या, धुण्याचं. घासलेटच्या थाळीत ते बोटाने फिरवले की चांगला छर्रा आरशासारखा चमकून वर यायचा, आणि पाणी लागलेल्यावर सुईने टोचल्यासारखे खड्डे दिसायचे. एक खड्डेवाला छर्रा राहिला तरी महिन्याभरात तो एक्सल आणि कप दोन्ही खराब करायचा, म्हणून वडील सगळे छर्रे बदलायचे, निवडत बसायचे नाहीत. तुमच्याही सायकलीचा बीबी, दोन्ही चाकांचे हब (चाकाच्या मधले गाभे) आणि हँडलखालचे कप असं सगळं उघडून, छर्रे बदलून, नवं ग्रीस भरून घ्या. पुरात बुडालेल्या सायकलीला निव्वळ तेलपाणी पुरत नाही. केबलींच्या आत गंज असतो, त्या कव्हरसकट नव्या टाका.

त्या १८ हजारांच्या सेटबद्दल. ९ गिअर हा ऐकायला एक बदल वाटतो, पण तो एकटा येत नाही. तुमचं फ्रीव्हील हबवर आट्यांनी चढवलेलं आहे, ९ चकत्यांच्या कॅसेटला वेगळ्या घडणीचा हब लागतो, म्हणजे मागचं चाक नवं. मग शिफ्टर नवा, चेन अरुंद, ती नवी. डिस्क ब्रेकला फ्रेमवर आणि फोर्कवर कॅलिपर बसवायचे कान लागतात आणि हबवर चकतीची जागा लागते, ती तुमच्या सायकलीला बहुधा नाही. कान वेल्ड करून देतो म्हणणारा कुणी भेटला तर त्याला नमस्कार करून निघा, एवढ्या पातळ नळीला तो चटका सोसत नाही. आणि हे सगळं कशासाठी? अंबाझरीपासून शाळेपर्यंतच्या सपाट साडेसहा किलोमीटरला सात गुणिले तीन गिअर पुरून उरतात. साध्या व्ही ब्रेकचं, म्हणजे रिमला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या ब्रेकचं, रबर कडक झालं असेल, ते बदललं की सायकल जागच्या जागी थांबते. फक्त रिमच्या कडेवरून बोट फिरवून बघा. कड आत खोलगट लागली तर रिम झिजली आहे, चाक बदलावं लागेल.

एकाच ठिकाणी मी तुम्हाला झिजलेल्यापेक्षा चांगलं घ्यायला सांगेन, ते म्हणजे टायर. त्या सायकलीला जाड गोट्यांचे डोंगरी टायर आले असणार, आणि नागपूरच्या इतक्या मे महिन्यांत ते वाळून कडक झाले असतील. कडेला भेगा दिसतीलच. आपल्या सिमेंटच्या रस्त्यांवर ते घूं घूं आवाज करतात आणि पाय दमवतात. २६ गुणिले १.५ चे गुळगुळीत टायर घाला. सायकल बदलल्यासारखं वाटेल, खरंच सांगतो.

फ्रीव्हील, ओव्हरऑईल, केबली, ब्रेकचं रबर, टायर-ट्यूब आणि मजुरी धरून साडेतीन ते साडेचार हजारांत काम व्हावं. मिस्त्रीने सायकल उघडल्यावर रिमही गेल्या, क्रँकचे दातेही गेले असं निघालं आणि आकडा १० हजारांकडे सरकला, तर मात्र नवी घ्या, मुलाला मी समजावेन. पण सायकल तुमच्या उंचीला बसते हे तुम्ही लिहिलंय, आणि दुकानात उभं राहून तशी सायकल शोधणं किती अवघड असतं हे मला माहीत आहे. म्हणून मी दुरुस्तीकडे झुकतो.

प्रश्न : मानेवाड्यातून लिहून राहिलो काका. माझी २०१६ ची अॅल्युमिनियमची सायकल आहे. मागच्याच वर्षी चाकं, क्रँक, गिअर मिळून १२ हजार घातले. आता सीटच्या नळीखाली, वेल्डजवळ, बारीक तडा दिसून राहिला. वस्तीतला वेल्डिंगवाला ३०० रुपयांत भरून देतो म्हणतो. एवढा पैसा घालून बसलो आहे, फ्रेम कशी टाकू?

उत्तर : भाऊ, आजपासून त्या सायकलीवर बसू नका. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही नाही.

लोखंड वाकतं, कुरकुरतं, आधी सांगतं. अॅल्युमिनियम दर धक्क्याला आतून थकत जातं आणि तडा दिसू लागला की पुढचं काम फार लवकर उरकतं. फ्रेम कारखान्यात वेल्ड झाल्यावर भट्टीत तापवून कडक केलेली असते. चौकातल्या वेल्डिंगने तो भाग पुन्हा मऊ पडतो, आणि तुमचं सगळं वजन नेमकं तिथेच येतं. २०१२ मध्ये मी हेच केलं होतं. कामठी रोडवरच्या एका वर्कशॉपने पक्कं आहे, डोळे मिटून चालवा असं सांगितलं. तीन आठवड्यांनी कोराडीकडून परत येताना नळी त्याच वेल्डच्या बाजूने उघडली आणि मी डाव्या कोपरावर पडलो. मागे ट्रक नव्हता म्हणून हे लिहितो आहे. तो कोपर अजून पूर्ण सरळ होत नाही.

तुमचे १२ हजार मात्र बुडाले नाहीत. चाकं, क्रँक, गिअर, पायडल, सीट सगळं सुटं काढून दुसऱ्या फ्रेमवर चढवता येतं. नुसती फ्रेम घ्या किंवा जुनी चांगली सायकल घ्या, पण जाण्याआधी चार मापं कागदावर लिहून न्या. मागचं चाक बसायची जागा किती रुंद (१३० की १३५ मिलिमीटर), सीटच्या पाइपाची जाडी, बीबीची रुंदी, आणि चाक २६ चं, २७.५ चं की ७०० सी. ब्रेक डिस्क की व्ही तेही. एकही माप जुळलं नाही की पुन्हा खर्च सुरू होतो, म्हणून दुकानात आठवणीवर जाऊ नका. आणि जुनी फ्रेम भंगारात देताना तड्याच्या जागी करवतीने कापून द्या, नाहीतर ती रंग लावून कुणाच्या तरी पोराखाली येईल.

प्रश्न : आजोबांची काळी अॅटलस, २४ इंची, दांड्यांचे ब्रेक. इतवारीत घरी पडून आहे. सेमिनरी हिल्सचा चढ चढायचा आहे, गिअर आणि चांगले ब्रेक लावून मिळतील का?

उत्तर : लावू नका. मागच्या चाकाची जागा एकाच चकतीपुरती असते, आणि ब्रेक रिमच्या आतल्या बाजूला लागतात. त्या रिमला बाजूने दाबणारा ब्रेक धड पकडतच नाही. म्हणजे चाकांपासून सगळं बदलावं लागेल आणि आजोबांची सायकल उरणार नाही. चढासाठी एकच करा. मागचं फ्रीव्हील १८ दात्यांचं असेल तर २० चं घाला, चढताना पायावरचा भार साधारण १० टक्के हलका होईल. चेनला कडी वाढवावी लागेल. सेमिनरी हिल्स मात्र जपून उतरा, पावसात तर पायीच, ओल्या क्रोमच्या रिमवर ब्रेक फार उशिरा लागतो.

अॅटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद झाला, नेमका जागतिक सायकल दिवस होता तो, मला फार लागलं होतं. पण सुट्या भागांची चिंता नको. २८ गुणिले दीड इंचाचं टायर, बीबीचे कप, ब्रेकचे दांडे, हे या सगळ्या काळ्या सायकलींना सारखेच लागतात आणि अजून मिळतात. ओव्हरऑईल करा, टायर बदला. रंग देणार असाल तर हँडलखालचा पितळी बिल्ला आधी स्वतः काढून घरी ठेवा. रंगारी त्यावरूनच फवारा मारतात, आणि मग तो घासून काढताना अक्षरं जातात.