नावातला आकडा आणि पोस्टग्रेसची जुनी शाखा

प्रश्न : दांडिया बाजारातील आमच्या मंडळाच्या ग्रंथालयाची पुस्तके व सभासद यांची नोंद पोस्टग्रेस (पोस्टग्रेसक्यूएल) या डेटाबेसमध्ये आहे. तो संगणक डेबियन या लिनक्स प्रणालीच्या ११ व्या आवृत्तीवरून १२ व्या आवृत्तीवर नेल्यापासून पॅकेजांच्या (बसवलेल्या सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यांच्या) यादीत ‘पोस्टग्रेसक्यूएल-१३’ आणि ‘पोस्टग्रेसक्यूएल-१५’ ही दोन्ही नावे दिसतात. बाकीच्या पॅकेजांच्या जुन्या आवृत्त्या आपोआप गेल्या; हीच का राहिली? ती काढावी काय? – एक वाचक, वडोदरा

उत्तर : इतक्यात काढू नका, आपल्या नोंदी बहुधा अजून १३ मध्येच आहेत.

डेबियनमध्ये एका नावाच्या पॅकेजची नवी आवृत्ती आली की ती जुनीची जागा घेते, आणि बहुतेक ठिकाणी हेच हवे असते. पोस्टग्रेसची मुख्य आवृत्ती बदलली की मात्र डिस्कवरील माहितीची अंतर्गत मांडणी बदलू शकते, त्यामुळे १३ ने लिहिलेली माहिती १५ चा सर्व्हर थेट उघडत नाही आणि स्थलांतर होईपर्यंत जुना सर्व्हर हाताशी असावाच लागतो. शाखेचा, म्हणजे मुख्य आवृत्तीचा, आकडा नावातच घातला की ही दोन स्वतंत्र पॅकेजे ठरतात व शेजारी शेजारी नांदतात. (२०१७ मध्ये आलेल्या १० व्या आवृत्तीपूर्वी मुख्य शाखा ९.६ अशी लिहीत, म्हणून डेबियन ९ मध्ये नावही ‘पोस्टग्रेसक्यूएल-९.६’ असे होते.) नुसते ‘पोस्टग्रेसक्यूएल’ हे पॅकेज जवळजवळ रिकामे असते, ते त्या त्या डेबियनच्या ठरलेल्या शाखेला ओढून आणते, म्हणूनच आपल्याकडे १५ आली.

फेडोरा या दुसऱ्या लिनक्स प्रणालीचा नावे देण्याचा सर्वसाधारण संकेत निराळा आहे : सर्वांत नव्या आवृत्तीला बिनआकडी नाव आणि जुनीला आकडा, जसे ओपनएसएसएल या सांकेतिकीकरणाच्या पॅकेजच्या जुन्या आवृत्तीचे ‘ओपनएसएसएल१.१’. नाव सुटसुटीत राहते खरे, पण बिनआकडी नावामागची शाखा कालांतराने बदलते. डेटाबेससाठी मला डेबियनची रीत अधिक भरवशाची वाटते.

आधी संपूर्ण बॅकअप घ्या. श्रेणीवाढीच्या वेळी १५ चा एक रिकामा क्लस्टर (एका सर्व्हरच्या ताब्यातील डेटाबेसांचा संच) तयार झालेला असतो; तो खरोखर रिकामा असल्याची खात्री करून काढा आणि डेबियनच्याच ‘पीजी_अपग्रेडक्लस्टर’ (pg_upgradecluster) या आज्ञेने १३ चा क्लस्टर १५ मध्ये न्या. ग्रंथालयाचे काम काही दिवस सुरळीत चालले, की मग १३ चा क्लस्टर आणि शेवटी पॅकेज काढावे. फार रेंगाळू मात्र नका, कारण १३ व्या शाखेची सुरक्षा-दुरुस्ती पोस्टग्रेसच्या मूळ प्रकल्पाने नोव्हेंबर २०२५ मध्ये थांबवली आहे.