उबुंटूवर नवीन युजरने लॉगिन केलं की नुसतं डॉलरचं चिन्ह येतं, टॅब आणि बाणाची बटणं चालत नाहीत. कीबोर्ड बिघडलाय का?

कीबोर्डला हात लावू नका. मी लावलाय. एक नाही, तीन बदललेत.

2013 मध्ये पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात (नाव नको) मी लॅब असिस्टंट होतो. प्रॅक्टिकल परीक्षेसाठी सर्व्हरवर 62 खाती करायची होती. मी म्हटलं, अॅडयुजर कमांडने करतो. आमचे इन्चार्ज सर रेड हॅट लिनक्सवर वाढलेले. म्हणाले, "अरे, अॅडयुजर काय, युजरअॅड काय, एकच. स्क्रिप्ट मार आणि घरी जा." रेड हॅटवर ते खरंच आहे, तिथे एक दुसऱ्याची नुसती लिंक असते. पण आमचा सर्व्हर उबुंटूचा!

उबुंटूवर युजरअॅडला शेल (आपण टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम) सांगितलं नाही की तो /बिन/एसएच देतो, आणि उबुंटू 6.10 पासून तिथे एसएच म्हणजे नेहमीचं बॅश शेल नाही, डॅश. स्क्रिप्ट चालवायला झकास. माणसाने समोर बसून टाइप करायला भिकार.

परीक्षेच्या दिवशी एक्स्टर्नल येऊन बसलेले. पहिल्या रांगेतली मुलगी म्हणाली, "सर, वरचा बाण दाबला की ए येतोय." बघतो तर स्क्रीनवर टोपी, दोन चौकटी कंस आणि ए. सरांचं निदान तयार: कीबोर्ड गेला. स्टोअरमधून धूळ झटकत एकेक आणला. तिसऱ्यावरही तोच ए, आणि तोवर मागच्या रांगांतूनही "सर, माझ्याकडे पण" सुरू. मग मी 'गेटेंट पासडब्ल्यूडी' मारून त्या मुलीच्या खात्याची ओळ बघितली. शेवटचा, सातवा रकाना: /बिन/एसएच. सरांनी एक्स्टर्नलना सांगितलं, "नेटवर्कचा जरा इश्यू आहे."

तुम्हीही तोच रकाना बघा. 'इको डॉलर शेल'वर विसंबू नका. ते खात्याला लावलेलं शेल दाखवतं, आत्ता चालू असलेलं नाही. मग 'सूडो युजरमॉड -एस /बिन/बॅश' आणि पुढे युजरचं नाव. लॉगआउट करून परत लॉगिन केल्याशिवाय फरक पडणार नाही. तरीही प्रॉम्प्ट (टाइप करायच्या जागेआधीची खूण) ओकाबोका दिसला तर युजरअॅडला -एम (लहान लिपीतला) दिलं नसेल आणि होम डिरेक्टरी नंतर हाताने केली असेल. /ईटीसी/स्केलमधल्या (नव्या युजरसाठीच्या नमुना) फाइली तिथे कॉपी करा, मालकी त्या युजरच्या नावावर करा.

आता खरं सांगायचं तर त्या दिवशी दुसरा घोळ माझा. घाईघाईत लूप लिहिताना बॅशच्या स्पेलिंगमधले एस आणि एच उलटे पडले. युजरमॉडने हूं की चूं केलं नाही. मुलांनी लॉगआउट केलं, आणि पासवर्ड बरोबर असूनही एसएसएच (सर्व्हरवर दुरून लॉगिन करायची सोय) कोणालाच आत घेईना. ऑथ लॉगमध्ये, म्हणजे लॉगिनच्या नोंदींत, स्वच्छ लिहिलेलं, असं शेलच नाही. माझं सेशन उघडं होतं म्हणून निभावलं. तेव्हा आधी एकाच खात्यावर करून बघा. आणि हो, सिस्टीमच्या खात्यांना शेल म्हणून नोलॉगिन (लॉगिन होऊच न देणारं) असतं ते मुद्दाम असतं, तिथे बॅश लावत बसू नका.

पुढची खाती अॅडयुजरनेच करा. सर, वाचत असाल तर: उबुंटू ज्यावर बेतलंय त्या डेबियनच्या युजरअॅडच्या मॅन पेजवरच (कमांडच्या माहितीपानावरच) लिहिलंय की अॅडमिनने शक्यतो अॅडयुजर वापरावं. अगदी डिस्क्रिप्शनच्या सुरुवातीलाच.