आबांचं बटण आबांनाच लावू दे

चि. …स अनेक आशीर्वाद.

आबांचा हात टीव्ही बघताना हलतो आणि कप उचलला की थांबतो, म्हणजे ते मुद्दाम करतात का, असं तू विचारलंस. अजिबात नाही. पार्किन्सन्सचा कंप बहुधा असाच असतो. हात मांडीवर निवांत असला की सुरू होतो, कामाला लागला की कमी होतो. पेन धरल्यावर तुझा हात थरथरतो, तो प्रकार वेगळा. डॉक्टरांना एकदा दाखव, पण आपल्यालाही हेच होईल या धास्तीनं रात्री जागू नकोस. बहुतेकांना हा आजार आईवडिलांकडून आलेला नसतो.

कंप डोळ्यांवर येतो म्हणून सगळे त्याचंच विचारतात. काहींना तर तो नसतोच. माझ्या मते खरा जाच मंदपणाचा. हालचालीला लागणारं डोपामिन नावाचं रसायन तयार करणाऱ्या मेंदूतल्या पेशी कमी होत जातात आणि साधी हालचाल सुरू करणंच जड जातं. आवाज बारीक होतो, अक्षर बारीक होतं, चेहऱ्यावर भाव उमटत नाहीत. आबा रागावलेले वाटतात, पण ते रागावलेले नसतात. शर्टाच्या बटणाला त्यांना दहा मिनिटं लागली तर लागू देत. तू पुढे होऊन पटकन लावून दिलंस तर तुझी दहा मिनिटं वाचतील आणि त्यांच्या हातचं एक काम कायमचं जाईल.

आमच्याकडे ह्यांचे पाय न्हाणीघराच्या उंबऱ्याशी हटकून चिकटतात. अशा वेळी ढकलायचं नाही, ओढायचंही नाही. तोल जातो. मी फरशीवर पाऊलपाऊल अंतरावर लाल चिकटपट्ट्या आडव्या लावल्यात. “ही पट्टी ओलांडा” म्हटलं की पाऊल उचललं जातं. कधी नुसतं “एक-दोन, एक-दोन” म्हटलं तरी पुरतं, ठेका मिळाला की पाय सुटतात. पुण्यात पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग घेतले गेले, ते उगीच नाही.

लेव्होडोपाची, म्हणजे मेंदूला डोपामिन पुरवणारी, गोळी मात्र घड्याळाच्या काट्यावर. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर जेवणाआधी अर्धा-पाऊण तास, पाण्याबरोबर. दुधाबरोबर नको. दूध, डाळ, पनीर यांतली प्रथिनं तिच्या वाटेत येतात. ती बंद करायची नाहीत, फक्त वेळ सांभाळायची. गोळीचा अंमल असेल तेव्हाच आंघोळ, फिरणं, बँकेची कामं उरकायची. एक वही कर. गोळी कधी घेतली, अंग कधी मोकळं झालं, पुन्हा कधी जड झालं, एवढंच लिही आणि न्यूरॉलॉजिस्टना दाखव. गोळी मनानं बंद करणं धोक्याचं आहे. कुणी खाजकुयलीची पूड सुचवेल. तिच्यात लेव्होडोपाच असतो, म्हणजे न कळत डोस वाढतो. तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. उलटीचं औषध घेतानाही पार्किन्सन्स आहे हे आधी सांग, काही औषधांनी त्रास वाढतो.

जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजारावर निबंध लिहिला, त्यात बुद्धी आणि संवेदना शाबूत राहतात असं म्हटलं होतं. मनाची पडझडही होते, हे आता माहीत आहे. आबा गप्प गप्प असतात असं तू लिहिलंस. ते वयावर ढकलू नकोस. उदासी या आजारातच येते आणि तिच्यावर उपचार आहेत.

पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या पुढच्या सभेला त्यांना घेऊन ये. ते नको म्हणाले तर तू तरी ये. सांभाळणारी माणसंही तिथे पुष्कळ असतात, त्यांच्याशी तुझी ओळख करून देते.

तुझी,
काकू