मूळ कारण : ‘कोडिंग एरर’

प्रश्न : ताई, मी हिंजवडीतल्या एका कंपनीत टेस्ट लीड आहे. आमचा क्लायंट दर महिन्याला बग्जचा (सॉफ्टवेअरमधल्या चुकांचा) आरसीए, म्हणजे ‘रूट कॉज ॲनालिसिस’ किंवा मूळ कारणाचा रिपोर्ट मागतो. जिरामध्ये, म्हणजे बग्जची तिकिटं नोंदवायच्या टूलमध्ये, ‘रूट कॉज’ नावाचं फील्ड आहे, त्यावरून पाय चार्ट काढून मी पाठवते. दर वेळी त्यात निम्म्याहून जास्त भाग ‘कोडिंग एरर’चा असतो. आता क्लायंट विचारतोय, की कारण कळलंय तर बग्ज कमी का होत नाहीत? रिपोर्ट नीट निघावा म्हणून एखादा प्लगइन घ्यावा का? – एक वाचक, पुणे

उत्तर : प्लगइनचे पैसे वाचवा. चार्टमध्ये काही खोट नाही. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

ते फील्ड भरलं कसं जातं, हे एकदा डेव्हलपरच्या शेजारी बसून बघा. शुक्रवारची संध्याकाळ, स्प्रिंट (कामाचा ठरलेला टप्पा) संपत आलेला. तो तिकीट ‘डन’मध्ये ओढतो, तेवढ्यात खिडकी उघडते : रूट कॉज, लाल चांदणी, भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. ड्रॉपडाउनमध्ये ढीगभर पर्याय. ‘रिक्वायरमेंट गॅप’ निवडलं तर बीएचा, म्हणजे गरजा लिहून देणाऱ्या बिझनेस ॲनालिस्टचा, फोन येणार, ‘टेस्ट मिस’ निवडलं तर तुमचा. ‘कोडिंग एरर’वर कुणीच भांडत नाही आणि ते खोटंही ठरत नाही, कारण बग शेवटी कोडमध्येच सापडतो. मग तो दुसरं काही का निवडेल?

एक तिकीट उलगडून बघू. ‘काही मुदत ठेवींवर एका दिवसाचं व्याज कमी लागलं.’ डेव्हलपरने पाहिलं, तर वर्षाचे दिवस सरसकट ३६५ धरलेले. ज्या ठेवींच्या मुदतीत २९ फेब्रुवारी २०२४ येत होता, त्या सगळ्या फसल्या. त्याने ती ओळ बदलली, टेस्टरने पडताळलं, तिकीट बंद. मूळ कारण : कोडिंग एरर. आता जरा खोदा. स्पेसिफिकेशनमध्ये (सॉफ्टवेअरने काय करायचं ते लिहिलेल्या कागदात) लीप वर्षाबद्दल अवाक्षर नव्हतं. त्या वर्षी भाजक ३६५ धरायचा की ३६६, हे बँकेने ठरवायचं असतं आणि बँकेला ते कुणी विचारलंच नाही. टेस्टिंगमध्ये का दिसलं नाही? टेस्ट डेटा सगळा २०२२-२३ मधला, २९ फेब्रुवारी ओलांडणारी ठेव त्यात एकही नाही. म्हणजे बग शिरला एका दारातून आणि निसटला दुसऱ्याच. दोन्हींचे उपाय वेगळे, करणारी माणसंही वेगळी. तुमच्या एका फील्डमध्ये हे मावत नाही.

म्हणून फील्ड दोन करा : ‘कुठे शिरला’ आणि ‘का निसटला’. दोन्हींत पाच-सहाच पर्याय ठेवा, डिफॉल्ट ठेवू नका आणि ‘अजून कळलेलं नाही’ हा पर्याय जरूर ठेवा. दोन्ही फील्ड एकाच माणसाने भरू नयेत. ही काही माझी कल्पना नव्हे. आयबीएममध्ये राम चिल्लारेगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये दोषांच्या वर्गीकरणाची जी पद्धत मांडली, तिचा गाभा हाच आहे. बग कशामुळे उघडकीला आला हे ज्याला सापडला त्याने नोंदवायचं, काय दुरुस्त केलं हे ज्याने दुरुस्त केलं त्याने. ज्याला जे ठाऊक आहे तेवढंच त्याला विचारायचं. माझ्या मते तीस वर्षांत याहून शहाणं फार काही कुणी सांगितलेलं नाही.

फिल्टरही तपासा. ‘डुप्लिकेट’, ‘बग नाही’, ‘पुन्हा घडवता आला नाही’ म्हणून बंद झालेली तिकिटं तुमच्या चार्टमध्ये मोजली जात असणार, कारण बंद करताना त्यांनाही ते फील्ड सक्तीचं आहे. सक्ती फक्त ‘फिक्स्ड’साठी ठेवा. जिराच्या वर्कफ्लोमध्ये दुरुस्तीचं आणि रद्द करण्याचं ट्रान्झिशन (तिकीट पुढच्या टप्प्यात नेण्याची पायरी) वेगळं ठेवलं, की हे ॲडमिन लगेच करून देईल. आणि सविस्तर आरसीए प्रॉडक्शनमधल्या, म्हणजे प्रत्यक्ष वापरात सापडलेल्या, गंभीर बग्जचाच लिहा. बटणावरच्या स्पेलिंगच्या चुकीचं मूळ शोधत बसायला कुणाला सवड आहे?

क्लायंटला पटवायला एरियान या युरोपीय रॉकेटचं उदाहरण द्या. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातल्या कौरू इथून एरियान-५ पहिल्यांदाच उडालं आणि चाळीस सेकंदांच्या आत भरकटून फुटलं. आपल्या तिकिटात कारण एका ओळीत आलं असतं : ६४ बिटांची संख्या १६ बिटांत बसवताना ओव्हरफ्लो (संख्या मावलीच नाही). कोडिंग एरर, क्लोज. झाक-लुई लिओन्स यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी समितीने जुलैमध्ये दिलेला अहवाल तिथे थांबत नाही. तो कोड एरियान-४ वरून जसाच्या तसा उचललेला होता. न मावलेली संख्या आडव्या वेगाशी जोडलेली होती आणि एरियान-४ चा आडवा वेग सुरुवातीच्या सेकंदांत इतका वाढतच नसे. ओव्हरफ्लोचा धोका असलेल्या सात चलांपैकी (व्हेरिएबल्सपैकी) चारांना संरक्षण दिलं होतं आणि तीन तशीच सोडली होती, कारण संगणकावरचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा होता. नडलेली गणना तर उड्डाणानंतर एरियान-५ ला लागतही नव्हती. रॉकेटची दिशा आणि वेग मोजणारी राखीव यंत्रणा होती, पण तिच्यातही तेच सॉफ्टवेअर, त्यामुळे तीही त्याच कारणाने बंद पडली. आणि एरियान-५ चा खरा उड्डाणमार्ग देऊन ही यंत्रणा आधी कधी तपासलीच नव्हती. यातल्या प्रत्येक वाक्यातून एक काम निघतं. ‘कोडिंग एरर’मधून काय निघतं ते सांगा.

प्रश्न : आमच्या साहेबांना आरसीए रिपोर्टमध्ये ‘जबाबदार व्यक्ती’ असा कॉलम हवा आहे. म्हणतात, ‘गिट ब्लेम’ने नाव मिनिटात सापडतं. टीम लीड म्हणून मला हे पटत नाही, पण मीटिंगमध्ये मुद्देसूद बोलता येत नाही. – एक वाचक, नागपूर

उत्तर : पहिला मुद्दा तांत्रिक आहे, तो साहेबांना लगेच कळेल. गिट ब्लेम ती ओळ शेवटची कुणी बदलली एवढंच दाखवतं. गेल्या वर्षी ज्याने अख्ख्या रेपोवर, म्हणजे सगळ्या कोडवर, फॉर्मॅटर (मांडणी सुधारणारा प्रोग्राम) चालवला, त्याचं नाव निम्म्या बग्जवर येईल.

दुसरा मुद्दा गिटलॅबचा, म्हणजे कोड साठवायची सेवा देणाऱ्या कंपनीचा. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांच्या एका इंजिनिअरने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरचीच डेटाबेसची डिरेक्टरी उडवली. क्षणभरात लक्षात आलं, तोवर सुमारे ३०० जीबींतले साडेचार जीबी उरले होते. कंपनीने सगळा घटनाक्रम जगजाहीर केला आणि त्यात त्या माणसाचं नाव टाकलं नाही. नावावर थांबायचं नव्हतं म्हणून पुढचा प्रश्न आला : बॅकअप कुठे आहे? रोजचा बॅकअप घेणारा प्रोग्राम पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या ९.२ आवृत्तीचा होता आणि डेटाबेस ९.६ चा, त्यामुळे तो काम न करताच बंद पडत होता. मग कुणाला कळलं कसं नाही? बॅकअप फसल्याची ईमेल जात होती, पण तिच्यावर डिजिटल सही नसल्यामुळे मेल सर्व्हर ती नाकारत होता. तरले ते सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी हाताने घेतलेल्या एका स्नॅपशॉटवर (डेटाच्या त्या क्षणीच्या प्रतीवर). साहेबांना विचारा, ‘जबाबदार व्यक्ती’ कॉलममध्ये नाव लिहून त्याच दिवशी फाइल बंद केली असती, तर बॅकअप होत नसल्याचं केव्हा कळलं असतं?

तिसरा मुद्दा मीटिंगमध्ये सांगायचा नाही, बाहेर चहा घेताना सांगायचा. तो कॉलम आला की तिकिटं येणं कमी होतं. टेस्टर डेव्हलपरला फोन करतो, ‘अरे, एवढं बदलून टाक ना, तिकीट नाही काढत.’ डॅशबोर्ड हिरवागार दिसतो. अप्रेझलच्या तोंडावर तर जास्तच. मी हे पाहिलेलं आहे.

प्रश्न : आमच्या टूलमध्ये आता एआयचं बटण आलं आहे. ते तिकिटावरच्या कमेंट्स वाचून आरसीए लिहून देतं आणि इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं लिहितं! तेच सरळ क्लायंटला पाठवलं तर? – एक वाचक, बंगळुरू

उत्तर : घटनाक्रम त्याच्याकडून जरूर लिहून घ्या. बग कधी नोंदला, कधी कुणाकडे गेला, कुठल्या बिल्डमध्ये दुरुस्त झाला, ही वेळखाऊ जुळवाजुळव ते चांगली करतं.

कारण मात्र कमेंट्समध्ये असेल तरच त्याला सापडणार. तुमच्या तिकिटांवर काय लिहिलेलं असतं? ‘फिक्स्ड, प्लीज व्हेरिफाय.’ ‘वर्किंग नाऊ.’ खरी चर्चा कॉलवर झालेली, उरलेली व्हॉट्सॲपवर. मग मशीन मधल्या मोकळ्या जागा ‘अपुऱ्या व्हॅलिडेशनमुळे’ असल्या गुळगुळीत वाक्यांनी भरून काढतं. म्हणून मसुद्यातल्या प्रत्येक वाक्यावर बोट ठेवून विचारा : हे कुठल्या कमेंटमधून, कुठल्या लॉगमधून, कुठल्या कमिटमधून (कोडमधल्या नोंदवलेल्या बदलातून) आलं? दाखवता आलं नाही तर वाक्य खोडा आणि ज्याने दुरुस्ती केली त्याला फोन करा. तो जे सांगेल ते आधी तिकिटावर टाका, मग रिपोर्टमध्ये घ्या.

शेवटच्या ‘उपाय’ परिच्छेदाला वेगळी कसोटी लावा. त्यातल्या प्रत्येक उपायाचं स्वतंत्र तिकीट काढून बघा, माणूस आणि तारखेसकट. ‘यापुढे अधिक काळजी घेण्यात येईल’ याचं तिकीट कुणाला असाइन करणार? ते वाक्य काढून टाका. जी तिकिटं निघतील ती मूळ बगला लिंक करा आणि त्यातली किती अजून उघडी आहेत, हा आकडा पुढच्या महिन्याच्या रिपोर्टमध्ये सगळ्यात वर छापा. क्लायंटने मागितला नसला तरी.