एकाच अल्बमच्या चार आवृत्त्या दिसतात. त्यातली कोणती ऐकावी?

मूळ, रिमास्टर, मोनो, डीलक्स यांपैकी काय लावायचं, असं तुम्ही विचारलंय. ‘रिमास्टर म्हणजे चांगलंच’ हे आधी डोक्यातून काढा.

रिमास्टरमध्ये तयार झालेल्या अंतिम टेपवरच काम होतं: खर्ज-तार, आवाजाची पातळी, खरखर. गायक मागे आणि गिटार पुढे असेल तर ते सहसा तसंच राहतं. रिमिक्समध्ये प्रत्येक वाद्याचा वेगळा ट्रॅक घेऊन मांडणी नव्याने होते, म्हणून फरक मोठा पडतो. बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’ (१९६७) चं २०१७ चं रूप रिमिक्स आहे. गायिका टेलर स्विफ्टच्या ‘टेलर्स व्हर्जन’ तर सरळ नवी रेकॉर्डिंग्ज आहेत.

साठच्या दशकातला पॉप-रॉक असेल तर मोनो आधी ऐका, म्हणजे डावी-उजवीकडे न विभागता सगळा आवाज एकत्र असलेली आवृत्ती. तेव्हा बहुतेक लोक मोनोवरच ऐकत, त्यामुळे मेहनतही तिथेच घेतली जाई. ‘सार्जंट पेपर’च्या मोनो मिक्सला बीटल्स हजर होते, स्टिरिओ नंतर त्यांच्याशिवाय उरकला गेला. ‘शीज लीव्हिंग होम’ स्टिरिओत चक्क संथ आणि खालच्या पट्टीत आहे. बीच बॉइजचा ‘पेट साउंड्स’ (१९६६) त्यांच्या ब्रायन विल्सनने मोनोतच बांधला. त्याला उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नव्हतं. मात्र बीटल्सच्या ‘ॲबी रोड’ला वेगळा मोनो मिक्सच नाही, तो शोधत बसू नका.

जॅझमध्ये उलटंही घडतं, नवी आवृत्तीच बरोबर निघते. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ (१९५९) च्या पहिल्या सत्रात टेपयंत्र किंचित हळू फिरत होतं, त्यामुळे एलपीच्या पहिल्या बाजूची तिन्ही गाणी वाजवताना चढ्या सुरात येत. १९९२ मध्ये दुसऱ्या यंत्रावरची टेप वापरून हे सुधारलं. सोबत वाद्य वाजवून शिकणार असाल तर सुधारलेलीच घ्या, नाहीतर सूर जुळणार नाही.

रॉक आणि मेटलमध्ये खरी डोकेदुखी आवाजाच्या चढाओढीची. नव्वदच्या दशकापासून सीडी जास्तीत जास्त मोठ्याने वाजावी म्हणून लिमिटरने (आवाज ठरावीक पातळीच्या वर जाऊ न देणारं साधन) ध्वनीची शिखरं छाटली गेली. रेड हॉट चिली पेपर्सचा ‘कॅलिफोर्निकेशन’ (१९९९) आणि मेटॅलिकाचा ‘डेथ मॅग्नेटिक’ (२००८) ही ठळक उदाहरणं. ‘डेथ मॅग्नेटिक’ची गाणी ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेममध्ये कमी छाटलेली आली, तेव्हा फरक लोकांच्या कानावर आला. जुन्या अल्बमच्या रिमास्टरमध्येही हेच झालेलं असू शकतं.

ओळखायचं कसं? आधी प्लेअरच्या सेटिंगमध्ये व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन (सगळी गाणी सारख्या पातळीवर वाजवणारी सोय) चालू करा. ही पायरी गाळू नका, कारण जरासं मोठं वाजणारं कानाला हमखास चांगलं वाटतं आणि तुलनाच फसते. मग दोन्ही आवृत्त्यांतला सर्वात भरगच्च कोरस, तीसेक सेकंद, पाठोपाठ ऐका. लक्ष स्नेअर ड्रमवर, म्हणजे ‘टक’ असा तीक्ष्ण ठोका देणाऱ्या ड्रमवर ठेवा. प्रत्येक ठोका सुटा, टणक आला तर ठीक. गिटारच्या भिंतीत रुतून नुसता ‘थप’ येत असेल तर शिखरं छाटली गेली आहेत. फाइल हाताशी असेल तर ऑडॅसिटी या ध्वनी-संपादन सॉफ्टवेअरमध्ये उघडा, छाटलेल्या गाण्याची आकृती वरून-खालून सपाट विटेसारखी दिसते.

कधी वादकच बदललेले असतात! मेटल गायक ऑझी ऑस्बोर्नच्या ‘ब्लिझर्ड ऑफ ऑझ’च्या २००२ च्या आवृत्तीत बास आणि ड्रम नव्याने वाजवून घातले होते, २०११ मध्ये मूळ परत आले. म्हणून नुसतं ‘रिमास्टर’ वाचू नका, सालही बघा.

डीलक्समध्ये बहुधा तीच गाणी, शेवटी डेमो (कच्ची रेकॉर्डिंग्ज) आणि लाइव्ह जोडलेले. एलपीच्या एका बाजूवर साधारण वीस-बावीस मिनिटंच नीट बसतात, म्हणून त्या काळातला एका तबकडीचा अल्बम बहुधा पाऊण तासाच्या आत संपतो. यादी दीड तासाची दिसली तर मूळ शेवटचं गाणं कोणतं ते आधी पाहून घ्या आणि पहिल्यांदा तिथेच थांबा.