नीट दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही, तर यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) कोणत्या प्रकारात मिळतं?

‘बहुविकलांगता’ या प्रकारात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत बधिर-अंधत्व सुटं मोजलेलं नाही, पण बहुविकलांगतेत त्याचं नाव स्पष्ट घेतलंय. १९९५ च्या कायद्यात उल्लेखच नव्हता.

लोक गोंधळतात ते दिव्यांगत्वाच्या टक्क्यांत. सरळ बेरीज होत नाही. डोळ्यांचे ४० आणि कानांचे ३० असतील तर ७० नाही, साधारण ५७ धरतात. ९० मधून मोठा आकडा वजा करा, उरलेल्याला लहान आकड्याने गुणा, ९० ने भागा आणि आलेलं उत्तर मोठ्या आकड्यात मिळवा. बहुतेक सवलतींना किमान ४० लागतात.

अर्जात दोन्ही अडचणी लिहा. माझ्या काकांच्या वेळी आम्ही फक्त अंधत्वावर खूण केली, मग कानाची तपासणी झालीच नाही. दुसरा हेलपाटा! आणि सोबत अर्जदाराशी बोलू शकणारं माणूस न्याच. ऑडिओमेट्रीच्या (ऐकण्याच्या तपासणीच्या) खोलीत ‘आवाज आला की बोट वर करा’ हे मी काकांच्या तळहातावर बोटाने एकेक अक्षर लिहून सांगितलं, तेव्हा कुठे तपासणी सुरू झाली.